गाय उठत नाही तेव्हा…

गाय व्याली, वासराला चाटलं, चीक काढून झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती जागची उठेना. मी माणसांचा डॉक्टर. पण आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या कितीतरी जणांचं घर दुधाच्या पगारावर चालतं. शिवाय या आजारात गायीच्या शरीरात जे घडतं, ते आमच्या वॉर्डातही दिसतं.

पहिला संशय दुग्धज्वराचा. हे नाव फसवं आहे. यात ताप नसतो, उलट कान गार लागतात. गायीच्या रक्तद्रवात एका वेळी जेमतेम ३ ग्रॅम कॅल्शियम असतं आणि एक लिटर चिकातून सुमारे २ ग्रॅम निघून जातं. हाडांतून भरपाई सुरू व्हायला एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात गाय खाली बसते. कॅल्शियम उतरलं की माणसाच्या हातापायांत पेटके येतात. गायीचे स्नायू मात्र ढिले पडतात. मान वळवून तोंड बरगडीवर टेकवलेली गाय ही या आजाराची ओळख.

शिरेतून कॅल्शियम सावकाश दिल्यावर बहुतेक गायी काही तासांत उभ्या राहतात. ते भराभर दिल्यास हृदय बंद पडू शकतं, म्हणून हे काम पशुवैद्यकाचंच.

खरी कसोटी लागते ती कॅल्शियम देऊनही गाय उठली नाही तर. मग कारण दुसरीकडे शोधावं लागतं. वासरू ओढून काढताना मज्जातंतू दबला का? घसरून खुबा निखळला का? कासदाह किंवा गर्भाशयाच्या संसर्गाचं विष रक्तात भिनलं का? फॉस्फरस किंवा पोटॅशियम कमी आहे का? मागचे पाय बेडकासारखे फाकलेत का, खूर दुमडतो का, कास गरम आणि कडक आहे का, हे हाताने तपासूनच कळतं.

मूळ कारण काहीही असो, पाच-सहाशे किलोचं वजन एका मांडीवर तासन् तास राहिलं की नवा आजार सुरू होतो. १९८२ मध्ये अमेरिकेत व्हिक्टर कॉक्स यांनी निरोगी गायींना भूल देऊन, एक मागचा पाय अंगाखाली ठेवून ६ ते १२ तास निजवलं. त्यांतल्या निम्म्या पुन्हा उभ्या राहू शकल्या नाहीत. दाबामुळे स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो, ते सुजतात आणि मरतात. १९४१ मध्ये लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यातील ढिगाऱ्याखालून काढलेल्या माणसांत बायवॉटर्स आणि बील यांनी असाच आजार नोंदवला होता. रात्रभर फरशीवर पडून राहिलेल्या वृद्धांमध्ये आम्ही आजही तो पाहतो.

गाय वाचेल का? रक्तातलं क्रिएटिन कायनेज स्नायूंची हानी दाखवतं. दाब हटला की ते लवकर उतरतं. चढतच राहिलं तर हानी सुरू आहे असं समजावं. पण एकाच आकड्यावर निकाल देऊ नये. गाय छातीवर नीट बसते, डोळे टवटवीत आहेत, खाते, रवंथ करते, उठायची धडपड करते, ही आशेची चिन्हं. कुशीवर आडवी पडून वैरणीला तोंडही न लावणारी गाय चिंतेची. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात अशा २१८ गायींचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ आजाराइतकीच, अनेकदा त्याहून अधिक, नंतरची इजा निकाल ठरवते आणि चांगली शुश्रूषा केली तर जास्त गायी उठतात, असं त्यात दिसलं.

म्हणून गाय बसल्याचं दिसताच पशुवैद्यकाला बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तोवर तिला सिमेंटवर ठेवू नका. वाळूचा किंवा भुश्श्याचा जाड थर घाला, दर तीन-चार तासांनी कूस बदला, छातीवर बसवून दोन्ही बाजूंनी पोती लावा. सावली द्या, पाणी आणि चारा तोंडापाशी ठेवा. आडव्या गायीच्या घशात औषध ओतू नका, ते फुप्फुसात जातं. आणि शेपटी पिरगाळून, काठी मारून तिला उठवू नका. धडपडीत घसरली तर धड पायही जायबंदी होतो.