परवाना, वास्तव्य आणि नागरिकत्व: जर्मनीतील स्वतंत्र व्यावसायिकांविषयीचे काही गैरसमज

जर्मनीत नोकरीवर गेलेल्या भारतीयाची कैफियत सरकारदरबारी मांडणे सोपे असते, कारण त्याच्या पाठीशी मालकाचा करार, दरमहाची वेतनचिठ्ठी आणि पगारातून परस्पर वळता होणारा निवृत्तिवेतनाचा हप्ता अशी भक्कम साक्ष उभी असते. परंतु जो गृहस्थ स्वतःच्याच हिमतीवर भाषांतरे करून, नकाशे काढून किंवा खानावळ चालवून तेथे राहतो, त्याला आपल्या उपजीविकेचा पुरावा वर्षानुवर्षे स्वतःच गोळा करावा लागतो, आणि अशा माणसाच्या कानी कायद्यापेक्षा ऐकीव माहितीच अधिक पडते. या ऐकीव माहितीच्या मुळाशी बहुधा एकच कल्पना असते, ती अशी की आधी तात्पुरता परवाना, मग कायम वास्तव्य आणि शेवटी नागरिकत्व असा एक सरळ जिना आहे आणि त्याची एकही पायरी गाळता येत नाही. वस्तुतः वास्तव्याचा कायदा निराळा, नागरिकत्वाचा निराळा आणि प्राप्तिकराचा त्याहून निराळा. प्रत्येकाची विचारणा वेगळी आहे आणि एकाला दिलेल्या उत्तराने दुसऱ्याचे समाधान होईलच असे नाही.

सर्वांत जुना आणि चिवट गैरसमज भांडवलाचा. धंदा काढून जर्मनीत राहायचे तर अडीच लाख युरो गुंतवले पाहिजेत आणि पाच माणसांना रोजगार दिला पाहिजे, असे छातीठोकपणे सांगणारे आजही भेटतात. ही अट कोणाच्या कल्पनेतून निघालेली नव्हती. २००५ साली वास्तव्याचा नवा कायदा अमलात आला तेव्हा दहा लाख युरो आणि दहा नोकऱ्या असा सर्वसाधारण दंडक त्यात घातलेला होता. २००७ मध्ये तो पाच लाख युरो व पाच नोकऱ्यांवर आला, २००९ मध्ये रक्कम अडीच लाखांवर उतरली, आणि १ ऑगस्ट २०१२ पासून ही आकडेवारी कायद्यातून पार काढून टाकण्यात आली. आता त्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे पाहिले जाते ते इतकेच की, व्यवसायाला आर्थिक हिताचा किंवा स्थानिक गरजेचा आधार आहे काय, अर्थव्यवस्थेवर त्याचा अनुकूल परिणाम संभवतो काय, आणि स्वतःच्या पैशाने वा मंजूर झालेल्या कर्जाने भांडवलाची तजवीज झाली आहे काय. या मुद्द्यांवर परकीयांचे दफ्तर स्थानिक व्यापारी मंडळाचा अभिप्राय मागवते. पंचेचाळिशी उलटलेल्या अर्जदाराने वार्धक्याची पुरेशी तरतूद दाखवली पाहिजे ही अट मात्र खरी आहे, आणि नेमकी तीच पुष्कळांना ठाऊक नसते.

स्वतंत्र व्यवसाय म्हटला की सगळे एकाच मापाने मोजले जातात, हाही असाच एक समज. जर्मन प्राप्तिकर कायद्याच्या कलम १८ मध्ये वैद्य, वकील, अभियंता, वास्तुविशारद, पत्रकार, दुभाषी, भाषांतरकार, तसेच कला, लेखन व अध्यापन यांवर जगणारे लोक अशांची एक गणना आहे. हे ‘मुक्त पेशे’, आणि त्यांबाहेरचे दुकानदारी, उपाहारगृह, आयात-निर्यात हे सारे ‘उदीम’. हा भेद केवळ करापुरता राहत नाही. उदीम करणाऱ्याला प्रवेश कठीण, पण धंदा यशस्वी झाला आणि त्यातून कुटुंबाचा चरितार्थ नीट चालत असला तर तीन वर्षांनीच कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. मुक्त पेशाच्या माणसाला प्रवेश तुलनेने सुकर, पण ही तीन वर्षांची सवलत कलम २१ नेच त्याला स्पष्टपणे नाकारली आहे. म्हणजे म्यूनिकमध्ये घरोघर डबे पोचवणारी बाई आणि तिच्याच शेजारी राहणारा भाषांतरकार एकाच दिवशी जर्मनीत उतरले, तरी पहिलीला जे तीन वर्षांत मागता येईल त्यासाठी दुसऱ्याला पाच वर्षे थांबावे लागेल, आणि शिवाय निवृत्तिवेतनाच्या साठ महिन्यांच्या वर्गणीचा किंवा तिच्या तोडीच्या तरतुदीचा दाखला जोडावा लागेल.

ही साठ महिन्यांची अट ऐकून कित्येकांचे धाबे दणाणते, कारण स्वतंत्र व्यावसायिकाच्या मिळकतीतून असा हप्ता कोणी परस्पर कापून घेत नाही. पण कलावंत व लेखक यांच्यासाठी तेथे एक सोय आहे आणि तिची माहिती आपल्या मंडळींत फारच थोड्यांना असते. १९८१ साली संमत होऊन १९८३ च्या आरंभापासून अमलात आलेल्या कायद्यान्वये विल्हेल्म्सहाफेन येथील ‘क्युन्स्टलरझोत्सियालकासे’ या संस्थेमार्फत कलावंत, लेखक, संगीतशिक्षक, रेखाटनकार इत्यादींच्या आरोग्यविम्याचा व निवृत्तिवेतनाचा केवळ अर्धा हप्ता त्यांनी स्वतः भरायचा असतो. उरलेला अर्धा सरकार आणि त्यांची कला विकत घेणारे प्रकाशक, नाट्यगृहे वगैरे मिळून उचलतात. या मार्गाने भरलेली निवृत्तिवेतनाची वर्गणी त्या साठ महिन्यांत धरली जाते. शिवाय आरोग्यविम्याची बिकट वाटही सुकर होते. कारण प्रवाशांसाठीचा स्वस्त विमा पहिल्या परवान्याच्या वेळी कदाचित खपून गेला, तरी नूतनीकरणाच्या वेळी तो अपुरा ठरण्याचा संभव मोठा असतो.

आता मुख्य मुद्दा. कायम वास्तव्याचा परवाना हाती आल्याखेरीज नागरिकत्वाचा अर्जच करता येत नाही, ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की पुष्कळ जण केवळ तिच्यापायी वर्षे दवडतात. नागरिकत्वाच्या कायद्याचे कलम १० काही प्रकारचे मुदती परवाने तेवढे वगळते. शिक्षणासाठी दिलेला परवाना आणि युद्धनिर्वासितांचा तात्पुरता आश्रय ही त्यांतील ठळक उदाहरणे होत. स्वतंत्र व्यवसायाचा परवाना त्या यादीत नाही. तेव्हा पाच वर्षांचे कायदेशीर नित्य वास्तव्य, बी-१ पातळीची जर्मन भाषा, चरितार्थाची खात्री आणि नागरिकत्वाची परीक्षा एवढे जमले, तर मुदती परवान्यावरूनच माणूस थेट नागरिक होऊ शकतो, आणि येथे त्या साठ महिन्यांच्या वर्गणीची अट कायद्याने घातलेलीच नाही. परीक्षाही लोक समजतात तशी दुर्घट नसून, अगोदरच प्रसिद्ध केलेल्या ३१० प्रश्नांतून ३३ विचारले जातात आणि १७ बरोबर आले की ती पार पडते. मात्र अर्ज दिला म्हणून जुन्या परवान्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही, कारण निकालाच्या दिवशीही तो जिवंत असावा लागतो.

वर्षांच्या हिशेबाविषयीही गोंधळ आहे. १९९० च्या कायद्याने प्रौढ परकीयाला पंधरा वर्षे थांबवले होते, २००० पासून आठ झाली, आणि २७ जून २०२४ पासून पाच. विशेष गुणवत्ता दाखवणाऱ्यास तीन वर्षांत नागरिकत्व देण्याची तरतूदही त्याच वेळी आली होती. पण ती ऑक्टोबर २०२५ मध्ये रद्द झाली असल्यामुळे तिच्या भरवशावर बेत आखणाऱ्याने तो बदलावा हे बरे. मायदेशी एक फेरी मारली की वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, हेही खरे नाही. सहा महिन्यांपर्यंतच्या परदेशवासाने वास्तव्य खंडित होत नाही.

चरितार्थाच्या खात्रीपाशी मात्र स्वतंत्र व्यावसायिकाची खरी कसोटी लागते. वर्षभरात किती रकमेची बिले काढली हे तो अभिमानाने सांगतो, पण अधिकारी पाहतो तो कर-निर्धारणाचा हुकूम, आणि त्यातही एकच ओळ: खर्च वजा जाता उरलेले उत्पन्न. समजा, साठ हजार युरोंची बिले निघाली आणि कर वाचवण्याच्या हौसेने घरातली खोली, प्रवास, उपकरणे, भाड्याची मोटार असे सारे खर्चात दाखवून चाळीस हजार वजा केले, तर त्या ओळीवर वीस हजारच उरतात, आणि त्यांतून प्राप्तिकर, विम्याचा हप्ता व घरभाडे गेले की कुटुंब कशावर जगते हा प्रश्न अधिकाऱ्याने विचारला तर त्याला दोष देता येणार नाही. त्यातून हा हुकूम एक-दोन वर्षे मागचा असतो, म्हणून चालू वर्षासाठी करसल्लागाराने तयार केलेला जमाखर्च सोबत लागतो. करखात्यापुढे गरिबी आणि नागरिकत्वाच्या दफ्तरापुढे सुबत्ता अशी दुहेरी भूमिका एकाच कागदावर वठवता येत नाही. माझ्या मते नागरिकत्वाचा विचार असणाऱ्याने अर्जापूर्वीची दोन-तीन वर्षे कर थोडा अधिक भरण्याची मनाची तयारी ठेवावी.

परवान्याची मुदत संपत आली आणि दफ्तराकडून भेटीची तारीख मिळत नाही, तर आपण बेकायदा ठरू, ही भीती फार मोठी. पण मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज रुजू झाला असला, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू असल्याचे कायदाच मानतो आणि तसा दाखलाही मिळतो. नागरिकत्वाच्या अर्जाला मोठ्या शहरांत फार विलंब लागतो. पुरेशा कारणावाचून तीन महिन्यांत निर्णय झाला नाही, तर प्रशासकीय न्यायालयात दाद मागण्याचा हक्क आहे, आणि तो बजावल्याने दफ्तर डूख धरील ही शंका निराधार आहे.

मग कायम वास्तव्याचा परवाना निरुपयोगीच म्हणायचा काय? तसेही नव्हे. जर्मनीत जन्मलेल्या मुलाला जन्मतःच जर्मन नागरिकत्व मिळायचे असेल, तर आईबापांपैकी एकाचे पाच वर्षांचे वास्तव्य तर हवेच, पण त्याच्याजवळ बेमुदत वास्तव्याचा हक्कही हवा. मुदती परवान्यावरील आईबापांच्या मुलाला तो लाभ मिळत नाही, आणि त्याची नोंद भारतीय वकिलातीत जन्मापासून एक वर्षाच्या आत करणे अगत्याचे असते.

राहिला भारताकडचा भाग. जून २०२४ पासून जर्मनी दुहेरी नागरिकत्व मान्य करते, यावरून आपल्यालाही दोन्ही पासपोर्ट बाळगता येतील असा निष्कर्ष काढणारे थोडे नाहीत. जर्मनीची संमती भारताला बांधत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ९ यांचा आशय असा, की स्वेच्छेने परकीय नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. परकीय नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने येण्याजाण्याची व राहण्याची मोकळीक मिळते, मतदानाचा हक्क मिळत नाही. गावाकडच्या जमिनीवरून घराघरांत जो घोर लागतो त्याबाबत एवढे सांगता येईल, की ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, परंतु वडिलार्जित जमीन वारसाहक्काने त्याच्याकडे येऊ शकते, आणि परदेशी नागरिक झाल्याने सातबाऱ्यावरचे नाव आपोआप उडत नाही.

आणि एक शेवटची गफलत तारखेची. नागरिकत्व जर्मन पासपोर्ट हाती पडल्यावर लागू होत नाही. सनद स्वीकारली त्या क्षणी ते लागू होते, आणि त्याच क्षणी भारतीय पासपोर्ट निकामी ठरतो. त्यावर तिकीट काढून दिवाळीला घरी जाऊन येणे हा दंडास पात्र असा प्रमाद होय. म्हणून सनदेचा दिवस ठरवताना पुढचे काही महिने, म्हणजे नवा पासपोर्ट मिळणे, जुना वकिलातीत जमा करून तसा दाखला घेणे आणि मग व्हिसा किंवा ओसीआय कार्ड येणे एवढा अवधी, भारतातील लग्नकार्यापासून मोकळा ठेवावा.