धर्मादाय म्हणावें कोणास?

परोपकारार्थ निघालेल्या संस्थांचीं पत्रकें हल्लीं घरोघरीं येतात, आणि पुष्कळांच्या शिरोभागीं 'धर्मादाय' हें विशेषण झळकत असतें. हेतु चांगला असला म्हणजे संस्था धर्मादाय झालीच, असा सामान्य समज आहे. कायद्याची दृष्टि मात्र निराळी आहे. दान देणारा आणि पूर्वजांच्या नांवानें निधि काढणारा, या दोघांचेंही हित तींत गुंतलेलें असल्यामुळें ती समजून घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आपल्या शास्त्रकारांनीं इष्ट व पूर्त असा भेद केला आहे. यज्ञयागादि कर्म तें इष्ट. विहिरी, तळीं, अन्नछत्रें यांसारखें लोकोपयोगी कर्म तें पूर्त. इंग्लंडांत एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत, इ. स. १६०१ मध्यें झालेल्या कायद्याची प्रस्तावना पाहतांना या पूर्ताचें स्मरण होतें. वृद्ध, पंगु व दरिद्री यांचें पोषण, विद्यालयें, पूल व रस्ते यांची दुरुस्ती, अनाथांचें शिक्षण, गरीब मुलींचे विवाह, अशी तींत यादी आहे. पुढें १८९१ सालीं पेम्सेल खटल्यांत लॉर्ड मॅकनॉटन यांनीं अशा उद्देशांचे चार वर्ग केले : दारिद्र्यनिवारण, विद्यावृद्धि, धर्मप्रसार व इतर लोकहित.

परंतु उद्देश यादींत बसला म्हणजे सर्व झालें असें नव्हे. लाभ 'लोकांस' झाला पाहिजे. मग लोक म्हणजे कोण? एका तंबाखू कंपनीच्या आजी-माजी नोकरांच्या मुलांच्या शिक्षणासाठीं ठेवलेला निधि १९५१ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सपुढें आला. नोकरांची संख्या १,१०,००० हून अधिक होती; तरी तो निधि धर्मादाय ठरला नाहीं. कारण लाभ घेणारे सर्वजण एका मालकाच्या संबंधानें निवडले जात होते. गरीब आप्तांच्या साह्याविषयीं इंग्रजी कायदा कांहींसा उदार आहे. पण शिक्षणाच्या बाबतींत संख्येपेक्षां संबंध महत्त्वाचा, हें यावरून दिसतें.

आपल्याकडेही हाच प्रश्न देवालयांसंबंधीं उपस्थित झाला. देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर या खटल्यांत १९५६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कसोटी सांगितली, ती अशी कीं, लाभार्थी ठराविक व्यक्ति असल्यास विश्वस्तव्यवस्था खासगी. सर्वसाधारण जनता किंवा तिचा एखादा वर्ग असल्यास सार्वजनिक. त्या प्रकरणांतील मूर्ति राहत्या घरांत नव्हे, तर त्याकरितांच बांधलेल्या स्वतंत्र इमारतींत स्थापिली होती, हेंही न्यायालयानें विचारांत घेतलें व मंदिर सार्वजनिक ठरविलें.

मुंबई राज्याच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थांच्या कायद्याचें नांव आतां 'महाराष्ट्र' या शब्दानें आरंभ होतें. त्याच्या ९ व्या कलमांत दारिद्र्य वा आपत्ति यांचें निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत व इतर लोकोपयोगी हेतु धर्मादाय मानले आहेत. केवळ धर्मोपदेश वा पूजा यांचा अंतर्भाव मात्र त्यांत नाहीं. विश्वस्तव्यवस्था निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांत नोंदणीसाठीं अर्ज करणें हें विश्वस्तांचें कर्तव्य आहे. स्कॉटलंडच्या २००५ च्या कायद्यानें तर नांवावरच बंधन घातलें : तेथील संस्थेस नोंदवहींत नांव असल्यावांचून स्वतःस धर्मादाय म्हणवितां येत नाहीं.

तेव्हां दारीं पावतीपुस्तक आलें कीं नोंदणीक्रमांक, उद्देश व हिशेब अवश्य विचारावे. त्यांत संकोच कसला? खरी संस्था अशा प्रश्नानें रुष्ट होत नाहीं.

आणि आजोबांच्या स्मरणार्थ निधि काढतांना घरांतील वडील मंडळींनीं आधींच ठरवावें. आपल्याच कुळांतील मुलांस साह्य करणें चांगलेंच. पण त्यास कुटुंबनिधि म्हणावें, व त्याकरितां लोकांपुढें हात पसरूं नये. लोकांकरितां द्यावयाचें असेल, तर वाडा वा शेत एकदां सार्वजनिक झाल्यावर पुतण्यांस तें वांटून घेतां येणार नाहीं, आणि विकण्यासही धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागेल, हें सर्वांस स्पष्ट सांगावें. पुढच्या पिढींतील तंटे पुष्कळदां याच अस्पष्टतेंतून उद्भवतात. द्रव्यत्याग करतांना आपण 'न मम' असें म्हणतों. कायदाही दात्याकडून त्याच शब्दांचें पालन मागतो.