भुकटीतला रेणू ओळखायचा कसा?

क्लोरीनचा अणुभार ३५.५ असा अपूर्णांकात का, हा वर्गात हमखास येणारा प्रश्न. निसर्गात ३५ आणि ३७ वस्तुमानांची क्लोरीनची समस्थानिके साधारण ३:१ प्रमाणात सापडतात, हे त्याचे उत्तर. औषधे शोधणाऱ्यांना ते रोज उपयोगी पडते.

नवी मुंबईत महापे येथे ग्लेनमार्क कंपनीचे संशोधन केंद्र आहे. ओग्लेमिलास्ट हा रेणू या कंपनीचा. पेशींतला दाह आवरणारे सायक्लिक एएमपी पीडीई-४ हे विकर तोडून टाकते. त्या विकराच्या खाचेत ओग्लेमिलास्टने अडकून बसायचे, अशी योजना.

संश्लेषणानंतर हाती येते ती नुसती भुकटी. तीत हवा तोच रेणू आहे कशावरून? वस्तुमान-वर्णपटात त्याची पहिली खूण मिळते. या रेणूत क्लोरीनचे दोन अणू आहेत. (३+१)² चा विस्तार करा: ९, ६, १. जवळपास याच प्रमाणात ५१५, ५१७ व ५१९ या वस्तुमानांवर तीन रेषा दिसायला हव्यात. क्लोरीन एकच असता, तर ३:१ प्रमाणाच्या दोनच ठळक रेषा आल्या असत्या. (कोणता अणू कुठे जोडलेला, हे सांगायला मात्र चुंबकीय अनुस्पंदनच लागते.)

एवढे करूनही २००९ मध्ये सीओपीडी या श्वसनविकाराच्या रुग्णांवरील चाचणीत ओग्लेमिलास्ट उतरला नाही. त्याच विकराला अडवणारा, दोन क्लोरीनचे तेच टोक असलेला जर्मन रोफ्लुमिलास्ट २०१० मध्ये युरोपात मान्य झाला. त्याची पहिली रेषा ४०२ वर येते. पुढच्या दोन विद्यार्थ्यांना काढू द्याव्यात.