आधी राखेची वाट काढा
(लेखमाला : भट्टी आणि इंधन – लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण गॅस प्रोड्यूसरचं पोट उघडून पाहिलं. उंच भट्टीत इंधनाचा जाड थर आणि त्याला मुद्दाम अपुरी हवा, एवढंच त्याचं मूळ तंत्र. तळाशी थोडं इंधन पूर्ण जळतं, त्याचा कार्बन डायऑक्साइड वरच्या लालबुंद कोळशातून जाताना कार्बन मोनॉक्साइड होतो. हवेबरोबर वाफ सोडली तर तिच्यातला हायड्रोजनही मोकळा होतो. अशा गॅसमध्ये निम्मा वाटा हवेतल्या नायट्रोजनचा असतो, म्हणून एका घनमीटरमागे उष्णता मिळते हजार-बाराशे किलोकॅलरी, म्हणजे नैसर्गिक वायूच्या साधारण आठवा भाग. तरीही काच, पोलाद, फरशा भाजणाऱ्या भट्ट्यांना हा गॅस दीडशे वर्षं पुरला, कारण तो घन इंधनापेक्षा हवा तिथे, हवा तसा जाळता येतो.

मात्र हे सगळं वर्णन चांगल्या कोळशाला धरून होतं. इंधन हलक्या प्रतीचं असेल तर काय, हा आजचा विषय.

हलक्या प्रतीचं म्हणजे कुठलं? कुठे राख जास्त, कुठे ओलावा जास्त, कुठे वजनाच्या मानाने आकारच भलता मोठा. नेव्हेलीच्या लिग्नाइटमध्ये जवळपास निम्मं पाणी असतं. उसाचं पाचट हातात घेतलं तर जाणवतं की त्यात हवाच जास्त. आणि आपला गोंडवाना दगडी कोळसा! त्यात राखेचं प्रमाण ३० ते ४५ टक्के. ही खनिज माती कोळशाच्या कणाकणात मिसळलेली असते, त्यामुळे धुऊनही पुरती निघत नाही.

राख ४० टक्के म्हणजे नेमकं काय होतं, ते कागदावर मांडून पाहा. १० टक्के राखेच्या कोळशात ९० भाग जळणाऱ्या मालामागे १० भाग राख असते. ४० टक्क्यांच्या कोळशात ६० भागांमागे ४०. म्हणजे तेवढ्याच उष्णतेसाठी सहापट राख भट्टीबाहेर काढायची. शिवाय राख कोरी कधीच पडत नाही, तिच्याबरोबर न जळलेला कोळसा जातो. बाहेर पडणाऱ्या राखेत दहा टक्के कोळसा राहिला असं धरलं, तर चांगल्या कोळशात हे नुकसान नावापुरतं असतं. आपल्या कोळशात मात्र एकूण कार्बनचा दहावा हिस्सा त्या ढिगाऱ्यावर जातो. इंधन स्वस्त घेतलं म्हणून खूश झालेल्या मालकाचा फायदा इथेच गळतो.

राख नुसती जास्त असती तरी निभावलं असतं. खरा वैरी म्हणजे वितळलेली राख. भट्टीचा जळणारा पट्टा १२००-१३०० अंशांच्या वर गेला आणि राखेचा वितळणबिंदू त्याखाली असला, की राख पाकासारखी चिकट होते, थंड भागात आली की घट्ट होते आणि तिचा खंगर बनतो. खंगराच्या बाजूने हवा वाट काढते, एका कडेला आग भडकते, दुसरीकडे थर थंड पडतो, न बदललेला कार्बन डायऑक्साइड तसाच गॅसमध्ये उतरतो. कामगार वरून सळई घालून ढोसतात. जुन्या कारखान्यांत या कामाला वेगळी माणसं असत आणि ते काम कोणी आवडीने करत नसे.

गंमत अशी की गॅस प्रोड्यूसरचा जन्मच हलक्या इंधनासाठी झाला. १८३९ मध्ये जर्मनीत बिशॉफने पीटवर, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजक्या वनस्पतींवर, प्रोड्यूसर चालवला. १८६१ मध्ये फ्रेडरिक आणि विल्यम या सीमेन्स बंधूंनी इंग्लंडमध्ये उतरत्या जाळीचा प्रोड्यूसर आणला, तोही खाणीवर पडून राहणाऱ्या बारीक, स्वस्त कोळशाला कामाला लावण्यासाठी. बर्मिंगहॅमजवळच्या चान्स बंधूंच्या काचकारखान्यातली या गॅसवर चालणारी सीमेन्स भट्टी मायकेल फॅरेडेने जाऊन पाहिली आणि २० जून १८६२ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तिच्यावर भाषण दिलं. शुक्रवारच्या संध्याकाळच्या त्या प्रसिद्ध व्याख्यानांतलं ते त्याचं शेवटचं. पण सीमेन्सच्या प्रोड्यूसरमध्ये राख मात्र हातानेच काढावी लागे. काढायला दार उघडलं की हवा आत, गॅस बिघडलेला.

पहिली मोठी सुधारणा वाफेतून आली. वाफ आणि तापलेला कोळसा यांची क्रिया उष्णता खाते. म्हणजे हवेबरोबर वाफ वाढवली की जळणारा पट्टा निवतो, राख वितळत नाही आणि वर हायड्रोजन मिळतो. लुडविग मॉन्डने ही कल्पना टोकाला नेली. त्याला मुळात गॅस नकोच होता. इंग्लंडमध्ये विनिंग्टनच्या त्याच्या सोडा कारखान्यात अमोनिया लागत होता आणि कोळशातला नायट्रोजन त्याला अमोनियाच्या रूपात पकडायचा होता. तापमान वाढलं तर अमोनिया फुटतो. म्हणून त्याने टनभर कोळशामागे अडीच टन वाफ सोडली. त्यातली जेमतेम अर्धा टन वाफ क्रियेत खर्च होई, बाकीची तशीच बाहेर. ही उधळपट्टी परवडावी म्हणून बाहेर जाणाऱ्या गरम गॅसने पाणी तापवायचं आणि त्या पाण्यात आत येणारी हवा भिजवायची, अशी मनोऱ्यांची जोडी त्याने उभी केली. १८८९ मध्ये त्याने हे काम जगापुढे मांडलं. १९०२ मध्ये टिप्टनजवळ डडली पोर्टला सार्वजनिक मॉन्ड गॅसचा कारखाना उभा राहिला. कचऱ्याच्या भावाचा बारीक कोळसा आत, खत म्हणून खपणारं अमोनियम सल्फेट आणि कारखान्यांना पुरवायचा गॅस बाहेर. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वात हुशार संच. हाबर-बॉश पद्धतीने अमोनिया स्वस्त झाला आणि मॉन्डच्या हिशेबातली मोठी जमेची बाजूच गेली, पण वाफेने राख ताब्यात ठेवायचा धडा राहिला.

दुसरी सुधारणा दिसायला साधी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या केर्पेलीने भट्टीची जाळीच फिरती केली आणि ती मध्यापासून जरा सरकवून बसवली. जाळी सावकाश फिरते, खंगर भिंतीशी दाबून फोडते आणि राख खालच्या पाण्याच्या कुंडीत ढकलते. कुंडीतलं पाणी गॅसला बाहेर पडू देत नाही, हवेला आत येऊ देत नाही. राख काढायला भट्टी थांबवायची गरज संपली. आपल्याकडच्या कोळशावरच्या लहान-मध्यम गॅसिफायरमध्ये (प्रोड्यूसरचंच आजचं नाव) आजही पाण्याची कुंडी आणि फिरती जाळी ही जोडी दिसते.

यानंतर वाटा फुटल्या. एक वाट म्हणजे राख वितळूच द्यायची नाही. फ्रिट्झ विंकलरने १९२२ मध्ये लिग्नाइटचा चुरा खालून येणाऱ्या वाऱ्यावर उकळत्या पाण्यासारखा खेळवला, १९२६ पासून जर्मनीत लॉयनाला मोठे संच चालले. अशा खेळत्या थरात तापमान सगळीकडे सारखं आणि राख मऊ होण्याच्या खाली ठेवता येतं. दुसरी वाट उलटी : कोळशाची पूड ऑक्सिजनबरोबर इतक्या तापमानाला जाळायची की राख पूर्ण वितळून खाली वाहत जाईल. कमी राखेच्या कोळशाला ही वाट उत्तम.

आपण दुसरी वाट धरली आणि पस्तावलो. रामगुंडम आणि तालचेर इथले खत कारखाने १९८० मध्ये कोपर्स-टोट्झेक पद्धतीच्या गॅसिफायरवर सुरू झाले. भारतीय कोळशाच्या राखेत सिलिका आणि ॲल्युमिना भरपूर, तिचा वितळणबिंदू चढा. एवढी राख वितळवायची म्हणजे कोळशातलीच उष्णता राखेवर खर्च करायची. वीजटंचाईसारखी आणखीही कारणं होती, पण इंधन आणि यंत्र यांची जोडी जमली नाही हे त्यांतलं मोठं. दोन्ही कारखाने १९९९ मध्ये बंद झाले. रामगुंडम आता नैसर्गिक वायूवर पुन्हा चालू झालं आहे. तालचेरच्या नव्या प्रकल्पात कोळशात पेट्रोलियम कोक मिसळायची योजना आहे, राख कमी करण्यासाठीच. उलट ओडिशातल्याच अंगुलला पोलाद कारखान्यासाठी लुर्गी पद्धतीचा स्थिर थराचा गॅसिफायर निवडला गेला. भरपूर वाफ, फिरती जाळी, कोरडी राख. चढा वितळणबिंदू तिथे अडचण न राहता सोय ठरतो. २०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाचं गॅसीकरण करायचं सरकारचं उद्दिष्ट आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी ८,५०० कोटी रुपयांची मदत मंजूर झाली. आता तरी यंत्र निवडताना आधी राखेचा अहवाल वाचला जावा.

राखेची वाट लागली तरी डांबर उरतंच. साध्या प्रोड्यूसरमध्ये गॅस वरून निघतो, म्हणजे ताज्या कोळशातून सुटलेली डांबरी वाफ बरोबर घेऊनच निघतो. गॅस गरम आहे तोवर ती वाफच असते. थंड केला की नळ्यांत बसते. म्हणून गॅस पाण्याने धुतात, आणि मग ते फिनॉलमिश्रित काळं पाणी कुठे सोडायचं? गुजरातमधल्या मोरबीच्या फरशी उद्योगाला हाच प्रश्न नडला. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मोरबी-वांकानेर पट्ट्यातले कोळशाचे गॅसिफायर बंद करायला सांगितलं. गॅस स्वस्त पडत होता, कारण त्याचं घाणपाणी कोणाच्या हिशेबातच धरलेलं नव्हतं.

यावर जुना उतारा म्हणजे गॅस वरून न काढता खालून काढायचा. डांबराची वाफ जळत्या पट्ट्यातून जाते आणि तिथेच फुटते. जॉर्ज इंबेर याच्या लाकडावरच्या संचात भट्टीला मधे चिंचोळा गळा असे, तिथे ही कामगिरी होई. दुसऱ्या महायुद्धात युरोपभर मोटारी अशा संचांवर धावल्या. पण गळा आला की अडकणंही आलं. लाकडाचे ठोकळे त्यातून खाली उतरतात. भुसा, पाचट, बगॅस (उसाचा चोथा) अडकून कमान धरतात, खाली पोकळी होते आणि आग विझत जाते.

या ठिकाणी आपण सातारा जिल्ह्यात येतो. फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ मध्ये बनबिहारी निंबकर यांनी स्थापन केली. तिथे अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात शेतातलं सुटं पाचट थेट गॅसिफायरमध्ये घालायचं काम हाती घेतलं. पाचटाच्या विटा करून जाळणं सोपं, पण त्यात पैसा आणि वीज जाते. सुटं पाचट म्हणजे मात्र तीन दोष एकाच ठिकाणी : हलकं, अडकणारं, आणि सिलिका-पोटॅशमुळे लवकर वितळणारी राख.

त्यांच्या संचात पाचटाची कुट्टी साखळीच्या वाहकावरून सतत येते. गॅसबरोबर उडणारा कोळशाचा चुरा आधी एका खोलगट टाकीत आणि मग सायक्लोनमध्ये, म्हणजे गॅस गरगर फिरवून चुरा वेगळा करणाऱ्या भांड्यात, पकडला जातो. गॅस धुतलाच जात नाही; गरम असतानाच थेट भट्टीच्या बर्नरला जातो, त्यामुळे जे काही डांबर आहे ते तिथेच जळतं आणि काळ्या पाण्याचा प्रश्न निघत नाही. पंखा पुढच्या टोकाला बसवून सगळा संच ओढीवर चालवला आहे. कुठे फट पडली तर बाहेरची हवा आत जाईल, विषारी गॅस बाहेर येणार नाही.

१९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जोरापूर-राजवंशी यांच्या निबंधातले आकडे बोलके आहेत. ताशी १,०८० मेगाज्यूल उष्णता, म्हणजे माझ्या हिशेबाने २५ ते ३० लिटर डिझेलच्या तोडीची. प्रयोगशाळेत सातशेहून अधिक तास चाचणी. गॅसची उष्णता घनमीटरला ३.५६ ते ४.८२ मेगाज्यूल, म्हणजे साडेआठशे ते साडेअकराशे किलोकॅलरी. बगॅस, बाजरी आणि गोड ज्वारीची ताटं हेही त्यात चाललं. सिरॅमिक भाजणाऱ्या एका कारखान्यात तेलावरची भट्टी फक्त या गॅसवर चालवून पाहिली, तर मालाचा दर्जा पहिल्याइतकाच आला.

मला यातला सर्वात महत्त्वाचा आकडा वेगळाच वाटतो : इंधनाच्या वजनाच्या २४ टक्के कोळशाचा चुरा बाहेर पडतो. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने हे नुकसान. पण शेवटचा कोळसा जाळायच्या नादात तापमान चढवलं असतं तर राख वितळून संच बंद पडला असता. तो चुरा विटा करून चुलीला चालतो किंवा शेतात टाकता येतो. कार्यक्षमतेचे काही टक्के सोडून संच अखंड चालू ठेवणं, हा सौदा मला शहाणपणाचा वाटतो.

एक शंका मात्र नोंदवली पाहिजे. पाचट शेतात कुजवलं तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो, म्हणून कृषी विद्यापीठं ते न जाळण्याचा सल्ला देतात. जे पाचट शेतकरी आजही बांधावर पेटवून देतात, तेवढ्यावरच गॅसिफायरचा हक्क आहे. शिवाय ऊसतोडीचे पाच-सहा महिने पाचट मुबलक आणि उरलेले महिने काही नाही, हा साठवणुकीचा खर्च यंत्राच्या किमतीत दिसत नाही.

लहान कारखान्यासाठी असा संच घेण्याचा विचार असलेल्या वाचकांना एवढंच सांगतो. विक्रेत्याला कार्यक्षमता विचारण्याआधी आपल्या इंधनाची राख किती अंशांना वितळते, ती भट्टी न थांबवता कशी निघते आणि धुतलेल्या गॅसचं पाणी कुठे जातं, ही तीन उत्तरं लेखी घ्या. नमुन्याचं इंधन त्याचं नको, तुमच्या आवारातलं पावसाळ्यातलं वापरायला सांगा. आणि कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. भट्टीच्या खोलीत त्याची सूचना देणारं यंत्र पहिल्या दिवसापासून लावा, संचाच्या किमतीपुढे त्याचा खर्च अगदी किरकोळ असतो.