एड्सप्रतिबंध आणि वेश्यावस्ती : सांगलीच्या अनुभवाचे विवेचन

साथीच्या रोगाशी झुंजताना समाजापुढे दोन मार्ग असतात. ज्यांच्यापासून रोग पसरेल अशी भीती वाटते त्यांना वेगळे काढून त्यांच्यावर पहारा ठेवणे, हा एक मार्ग. त्याच माणसांच्या हाती रोग अडविण्याची साधने आणि अधिकार देणे, हा दुसरा. एच. आय. व्ही.च्या बाबतीत भारतात हे दोन्ही मार्ग अवलंबिले गेले. दुसरा मार्ग अधिक फलदायी का ठरला, हे समजून घेण्यास सांगलीचा अनुभव विशेष उपयोगी आहे.

भारतात या विषाणूचा प्रथम शोध १९८६ साली मद्रास येथे लागला. डॉ. सुनीती सॉलोमन (पूर्वाश्रमीच्या गायतोंडे) आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी वेश्याव्यवसायातील सुमारे शंभर स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. त्यांपैकी सहा दूषित निघाले. यातील बऱ्याच स्त्रिया सरकारी सुधारगृहात अटकेत होत्या. म्हणजे या रोगाविषयीचे आपले ज्ञानच मुळी बंदिस्त स्त्रियांच्या रक्तापासून सुरू झाले. पुढची काही वर्षे धोरणही त्याच वळणाने गेले. गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्याच्या रक्तात विषाणू आढळताच आरोग्य कायद्यान्वये त्याला दोन महिने स्थानबद्ध करण्यात आले. एका सुशिक्षित रक्तदात्याची ही गत, तर वेश्यावस्तीतील स्त्रीने आपण होऊन तपासणीस यावे, ही अपेक्षाच व्यर्थ होती.

सांगली ही हळदीची आणि साखरेची बाजारपेठ. लगतचे मिरज हे मोठे रेल्वे जंक्शन. मालमोटारींची वर्दळ अखंड. येथील गोकुळनगर वस्तीतील अनेक स्त्रिया बेळगाव-विजापूरकडच्या, आणि त्यांतील कित्येक सौंदत्तीच्या यल्लम्मेला वाहिलेल्या देवदासी. मीना सेषू यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या 'संपदा ग्रामीण महिला संस्थे'ने, म्हणजेच 'संग्राम'ने, १९९२ साली येथे निरोध वाटण्याचे काम सुरू केले. लवकरच हे काम वस्तीतील स्त्रियांनीच आपल्या अंगावर घेतले. १९९६ साली त्यांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. तिचे नाव 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'.

निरोध वाटणे ही वरकरणी सोपी गोष्ट. तो वापरावयाचा की नाही, हे मात्र पैसे देणारा पुरुष ठरवितो. रोगाची माहिती असूनही स्त्री निरुपाय होते; कारण खोलीचे भाडे, घरवालीचे कर्ज आणि गावाकडे पाठवावयाचा पैसा तिच्यापुढे उभा असतो. तिने नकार दिला तर गिऱ्हाईक शेजारच्या दाराशी जाते. यावरून हे ध्यानात येईल की, एकट्या स्त्रीला दिलेले ज्ञान येथे अपुरे पडते. सगळ्या गल्लीने एकच नियम पाळला, तरच गिऱ्हाइकापुढे दुसरे दार उरत नाही. असा नियम बाहेरचा डॉक्टर वा समाजसेवक घालून देऊ शकत नाही; तो वस्तीनेच करावा लागतो. संघटनेचे आरोग्यविषयक मोल ते हेच. तथापि तिलाही मर्यादा आहेत. कायमचा संबंध असलेल्या पुरुषाशी, ज्याला या स्त्रिया 'मालक' म्हणतात, निरोधाचा आग्रह धरणे जड जाते. कारण तेथे व्यवहार संपून विश्वासाचा प्रश्न सुरू होतो.

शासनाच्या कार्यक्रमानेही पुढे हेच तत्त्व स्वीकारले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या योजनेत सुमारे साठ स्त्रियांमागे त्यांच्यातीलच एक 'पिअर' नेमली जाते. निरोध पोचविणे, गुप्तरोगाची लक्षणे ओळखून उपचारास नेणे, सहा महिन्यांनी एच. आय. व्ही. व उपदंशाची तपासणी होईल असे पाहणे, ही तिची कामे. गुप्तरोगाचा उपचार येथे गौण नाही. जननेंद्रियांवरील व्रणांतून हा विषाणू अधिक सहजतेने शिरतो. २००४ सालापासून सरकारी रुग्णालयांत विषाणूरोधक औषधे मोफत मिळू लागली. ती नियमित घेतल्याने रक्तातील विषाणू इतका घटतो की शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही. उपचार हाच अशा रीतीने प्रतिबंधही ठरतो.

मुंबईच्या वेश्यावस्त्यांत १९९०च्या दशकात निम्म्याच्या आसपास स्त्रिया बाधित आढळत असत. २०१७च्या देशव्यापी पाहणीत या व्यवसायातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण शेकडा १.६ इतके होते. एक आकडा एका शहराचा आणि दुसरा देशाचा, म्हणून त्यांची सरळ तुलना करता येत नाही. शिवाय मधल्या काळात मृत्यूनेही आपला वाटा उचलला, हे विसरता कामा नये.

आरोग्यसेवेचे यश कायद्यावरही अवलंबून असते. छापा पडला की वस्ती पांगते, औषधांचा क्रम तुटतो. आणि निरोध हाच गुन्ह्याचा पुरावा ठरू लागला, तर तो जवळ कोण बाळगील? २०१७च्या एच. आय. व्ही. व एड्स कायद्याने संमतीवाचून तपासणी करण्यास आणि रुग्णाशी भेदभाव करण्यास मनाई केली. तो १० सप्टेंबर २०१८पासून अमलात आला. १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनुसार, या स्त्रियांनी आरोग्यरक्षणासाठी योजिलेले उपाय गुन्ह्याचा पुरावा मानता येत नाहीत.

पैशाबरोबर येणाऱ्या अटींचा प्रश्नही लहान नाही. वेश्याव्यवसायास विरोध असल्याची लेखी ग्वाही दिल्याखेरीज एड्सकार्यासाठी अमेरिकी मदत मिळणार नाही, अशी अट तेथील २००३च्या कायद्याने घातली. 'संग्राम'ने २००५ साली ती मदत नाकारली. ज्या स्त्रियांच्या विश्वासावर काम उभे होते, त्यांच्याच जगण्याविरुद्ध सही करून ते पुढे चालणे शक्य नव्हते.

आता भेट दूरध्वनीवर ठरते, खोली लॉजमध्ये मिळते, आणि गल्लीचा नियम जेथे चालावा ती गल्लीच विखुरते आहे. एकमेकींना न ओळखणाऱ्या स्त्रियांनी एकच नियम कसा पाळावा, हा प्रतिबंधकार्यापुढील आजचा खरा प्रश्न होय. त्याचे तयार उत्तर सांगली देत नाही. परंतु ते कोणाला विचारावयाचे, एवढे ती निश्चित सांगते.