नागोयाची पेटी, आगरी हळद

डिसेंबरात डोंबिवलीच्या सावळाराम महाराज क्रीडा संकुलात आगरी महोत्सव भरतो. एका अंगाला तांदळाच्या भाकरीचा आणि मासळीचा घमघमाट, दुसऱ्या अंगाला रंगमंच. हळदीचं गाणं सुरू व्हायचं असतं. ढोलकीवर थाप पडते आणि गायकाने पहिला शब्द उच्चारण्याआधीच तारेचा सणसणीत, किंचित थरथरता आवाज मैदानभर पसरतो. बसलेल्या बाया उठून उभ्या राहतात. कल्याण, भिवंडी, ठाणे, पनवेल, खाडीच्या कुठल्याही काठावर वाढलेल्या माणसाला हा आवाज सांगावा लागत नाही. हा बेंजो. हळद त्याच्यावर, गणपतीची मिरवणूक त्याच्यावर, पालखी त्याच्यावर.

हे वाद्य जवळून पाहिलेले लोक मात्र थोडे. गायक पुढे असतो, नाचणारे पुढे असतात, बेंजोवाला कडेला मान खाली घालून वाजवत असतो. संधी मिळाली तर स्टेजच्या त्या कडेला जाऊन उभे राहा. लांबट, चपटी लाकडी पेटी दिसेल. तिच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोलादी तारा ताणलेल्या. तारांच्या वर धातूच्या पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीच्या टोकाला एक गोल बटण. डाव्या हाताची बोटं या बटणांवर पळतात, उजव्या हातातली छोटी नखी तारांवर वरखाली फिरत राहते. आवाज कर्ण्यातून येत असला तरी इतक्या जवळून आणखी एक गोष्ट ऐकू येते: बटणांची खटखट. टंकलेखन यंत्राची असते तशीच.

आणि इथेच थक्क व्हायला होतं, कारण ते साम्य योगायोगाचं नाही. हे वाद्य खरोखरच टाइपरायटर बघून सुचलेलं आहे.

साल 1912. जपानमध्ये सम्राट मेइजी वारले आणि नव्या सम्राटाच्या गादीबरोबर तैशो नावाचा कालखंड सुरू झाला. त्याच वर्षी नागोया शहरात गोरो मोरिता या वादकाने एक नवं तंतुवाद्य बाजारात आणलं. जपानमध्ये निगेनकिन नावाचं दोन तारांचं जुनं वाद्य होतं. त्यात तारेवरची नेमकी जागा वादकाला स्वतःच्या हाताने साधावी लागे. मोरिताने त्या तारांवर टाइपरायटरच्या धर्तीवर कळा बसवल्या. कळ दाबली की तार बरोबर ठरलेल्या पडद्यावर टेकते आणि ठरलेला सूर निघतो. चुकायला जागाच नाही. कळांवर आकडे छापले, की आकडे वाचून कुणीही घरबसल्या गाणं वाजवू शकतो. कालखंडावरूनच वाद्याला नाव पडलं: तैशोगोतो. टायपिंगच्या परीक्षा देऊन ज्या कल्याण-डोंबिवलीच्या कित्येक पिढ्या लोकलने मुंबईच्या कचेऱ्यांत गेल्या, त्याच गावांच्या हळदीत त्याच यंत्राची ही चुलत बहीण वाजत होती, हे मला फार विलक्षण वाटतं.

वाद्य स्वस्त होतं, हलकं होतं, बोटीत सहज मावणारं होतं. तैशोच्या काळातच त्याची निर्यात सुरू झाली आणि ते जिथे जिथे उतरलं तिथलंच होऊन बसलं. बालीमध्ये ते पेंटिंग झालं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोंबासाच्या तारब गायकांनी ते साथीला घेतलं. कराचीत आणि मकरान किनाऱ्यावर बलुची वादकांनी त्याची पेटी मोठी केली, आसेचा सूर धरणाऱ्या तारा वाढवल्या आणि बेंजू म्हणून ते इतकं आपलंसं केलं की आज बलुची संगीत त्याच्याशिवाय डोळ्यांसमोर येत नाही. त्या बेंजूचे सर्वांत नामांकित वादक होते बिलावल बेल्जियम. उत्तर हिंदुस्थानात ते बुलबुल तरंग म्हणून घराघरांत गेलं, कव्वालीच्या पार्ट्यांत शिरलं. अमेरिकेतल्या बँजोशी, म्हणजे आफ्रिकी गुलामांनी तिकडे नेलेल्या चामड्याच्या पडद्याच्या वाद्याशी, आपल्या बेंजोचं रक्ताचं नातं काहीच नाही. दोघांचं नाव मात्र सारखं.

नकाशावर या ठिकाणांवर बोट ठेवत गेलं की लक्षात येतं, हा सगळा बंदरांचा नकाशा आहे. आणि कल्याणला समुद्रावरून आलेल्या वस्तूंचं अप्रूप कधी नव्हतंच. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख आहे, कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं कोरलेली आहेत. बाहेरून आलेलं घ्यायचं, वापरायचं आणि आपलं करून टाकायचं, ही या खाडीकाठची दोन हजार वर्षांची रीत.

आता मुख्य कोडं. एवढ्या वाद्यांतून आगरी-कोळी गाण्याने हेच का उचललं?

आधी ते गाणं कसं आहे ते पाहू. आगरी लग्नात पूर्वापार मान धवलारणीचा. भटजीचे मंत्र असोत वा नसोत, हळद, देवक, मांडव या प्रत्येक विधीचा धवळा तिला तोंडपाठ असतो आणि तिच्या गाण्यावर लग्न पुढे सरकतं. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री महदंबा हिची तेराव्या शतकातली रचनाही धवळेच आहेत, विवाहप्रसंगीच गायलेले; तेव्हा धवलारणीची परंपरा किती मागे जाते याचा अंदाज करावा. हे धवळे थोड्याच सुरांत फिरतात. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, पुन्हा तीच, पुन्हा तीच. आवाज उघडा, छातीतून काढलेला, मांडवाबाहेर पोचणारा. त्यात नाजूक आलापी नाही. ठाम, सरळ, एकेका सुरावर पाय रोवून उभं राहणारं गाणं आहे.

बेंजो अगदी अशाच गाण्यासाठी घडल्यासारखा आहे. त्याच्या कळांवर मींड निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं त्याला जमत नाही. शास्त्रीय गायकाला ही मोठीच उणीव वाटेल. पण धवळ्याला किंवा कोळीगीताला मींड फारशी हवीच कुठे असते? तिथे हवा असतो सुस्पष्ट, तुटक, ठसठशीत सूर. तो बेंजो देतो. मधल्या जागा वादक पटपट दोन-तीन कळा फिरवून भरतो, आणि त्या झटक्यानेच पाय उचलतात.

दुसरी गोष्ट त्या थरथरीची. छेडलेल्या तारेचा आवाज फार लवकर विझतो. सूर लांबवायचा तर पुन्हा पुन्हा छेडावं लागतं. बेंजोवाला नखी इतक्या वेगाने वरखाली चालवतो की सुटे ठोके कानाला सलग ऐकू येतात. शिवाय मुख्य तारा एकाच सुरात लावलेल्या असतात, पण दोन तारा तंतोतंत सारख्या कधीच लागत नाहीत. समजा एक तार सेकंदाला 440 वेळा कंप पावते आणि शेजारची 442 वेळा, तर दोन्ही ध्वनी कधी एकमेकांना जोर देतात, कधी एकमेकांना खातात, आणि सेकंदाला दोनदा आवाज फुगतो नि ओसरतो. मैदानभर पसरणारी ती थरथर ही अशी. एका तारेच्या जागी दहा जणी मिळून गात आहेत असा भास होतो. धवलारणीच्या मागे ओळ उचलणाऱ्या बायकांचा आवाज याच कारणाने भरदार वाटतो: सगळ्यांचा सूर एकच, आणि तरी प्रत्येकीचा केसभर वेगळा. वाद्य आणि गळा इथे एकाच नियमाने चालतात.

कळांची मांडणीही बघण्यासारखी. समजा तार 60 सेंटिमीटर लांब आहे. पहिला पडदा तिच्या टोकापासून साधारण 3.4 सेंटिमीटरवर येतो. पुढचं प्रत्येक अंतर आधीच्यापेक्षा थोडं कमी. बाराव्या पडद्याशी तार बरोबर निम्मी, 30 सेंटिमीटर, उरते आणि वरच्या सप्तकाचा षड्ज लागतो. अकराव्या-बाराव्यामधलं अंतर तोवर जेमतेम 1.8 सेंटिमीटरवर आलेलं असतं. म्हणजे वादकाचा हात वर सरकेल तशी बोटांची पावलं आखूड करावी लागतात, तीही न बघता, रात्रीच्या मिरवणुकीत, समोर दोनशे माणसं नाचत असताना.

खरा कायापालट मात्र विजेने केला. मूळ बुलबुल तरंगाचा आवाज बसल्या खोलीपुरता. ढोल-ताशासमोर तो ऐकूही येणार नाही. मुंबई-ठाण्याच्या वादकांनी तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलं. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात कंप पावली की वेटोळ्यात तिच्याच लयीत सूक्ष्म वीज निर्माण होते. ती वाढवून कर्ण्याला दिली की झालं. मायकल फॅरडेने 1831 साली दाखवलेलं तत्त्व, इलेक्ट्रिक गिटारचंही तेच. हातगाडीवर किंवा टेम्पोवर जनरेटर आणि कर्णे, पट्ट्याने गळ्यात अडकवलेला बेंजो, सोबत ढोलकी, ताशा, पुढे ऑक्टोपॅड: बेंजो पार्टी तयार झाली. डोंबिवलीकर दिग्दर्शक रवी जाधव यांनी 2016 साली या वाद्याच्याच नावाचा हिंदी चित्रपट काढला तेव्हा पुण्या-मुंबईबाहेरच्या प्रेक्षकाला हे वाद्य पहिल्यांदा नावानिशी कळलं.

शिकण्याची रीतही पाहा. मोरिताने कळांवर आकडे छापले होते ते पुस्तकातून शिकता यावं म्हणून. आमच्याकडे कुणी पुस्तक उघडलं नाही. पोरगा पार्टीबरोबर सामान उचलायला जातो, मग ताशा धरतो, मग रात्री उशिरा कुणीतरी थकून बेंजो खाली ठेवतो तेव्हा त्यावर हात फिरवतो. चाल कानाने उचलायची, बोटांनी लक्षात ठेवायची. कारखान्यात बनलेलं वाद्य, पण विद्या संपूर्ण मौखिक. लोकसंगीत म्हणजे आणखी काय असतं?

तरीही लोकवाद्यांची यादी निघते तेव्हा त्यात तारपा असतो, संबळ असतो, तुणतुणं, दिमडी, हलगी असते, आणि बेंजो नसतो. तो परका, यंत्राचा, बाजारू समजला जातो. हा आक्षेप जुना आहे. तो पूर्वी आपल्या पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवरही घेतला गेला. तिचं मूळ पॅरिसमध्ये. 1842 साली अलेक्झांडर डेबेनने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. आकाशवाणीने 1940 साली ती परकी म्हणून बाहेर काढली, ती बंदी उठायला 1971 उजाडलं. त्या काळातही भजनी मंडळांनी पेटी सोडली नाही, आणि आज पेटीला परकं म्हणण्याची कुणाची हिंमत नाही. बेंजोला आपल्याकडे येऊनही आता काही पिढ्या झाल्या. कल्याणात ज्यांचं घर होतं ते गायक प्रल्हाद शिंदे कव्वालीच्या ज्या मैफलींतून पुढे आले, तिथेही हा आवाज होताच. माझ्या मते हा वाद संपलेला आहे. बेंजो हे ठाणे जिल्ह्याचं लोकवाद्य आहे, आणि ज्यांना ते मान्य नाही त्यांनी नांदिवलीच्या किंवा उंबर्ड्याच्या हळदीत तो बंद करून दाखवावा.

काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. आता मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि हळदीलाही पेनड्राइव्ह चालतो. कीबोर्डवर एक बटण दाबलं की बेंजोसारखा आवाज निघतो. त्यात सगळं असतं, फक्त त्या न जुळणाऱ्या तारांची थरथर नसते, आणि नाचणारी बाई दमली हे बघून चाल सैल करणारा माणूस नसतो. चांगला बेंजोवाला गर्दीचे पाय बघून वाजवतो. म्हणून एक हळद रात्री दोनपर्यंत रंगते आणि दुसरी साडेअकरालाच पांगते.

महोत्सव भरवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: फलकावर गायकाचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, नृत्य बसवणाऱ्याचं असतं, प्रायोजकांची तर असतातच. त्याच फलकावर बेंजोवादकाचंही नाव छापा, आणि गाणी सुरू होण्याआधी त्याला दहा मिनिटं एकट्याला द्या. त्या दहा मिनिटांत त्याचा कर्णा थोडा हळू ठेवा, म्हणजे कळांची खटखटही लोकांना ऐकू येईल.