धनुष्याला वळण लावताना

शिवधनुष्य पेलण्याची भाषा आपण मराठी माणसे फार सढळ हाताने वापरतो. मुलीचे लग्न काढले, की ते शिवधनुष्य. घराचे हप्ते म्हणजे शिवधनुष्य. सोसायटीचे चिटणीसपद गळ्यात पडले, तर तेही शिवधनुष्यच! पण खरेखुरे लाकडी धनुष्य हातात धरलेली माणसे आपल्यात कितीशी निघतील? घरी बसून ते तयार केलेली तर त्याहूनही थोडी. त्या थोड्यांत आता माझी गणना होते, आणि ती कशी झाली याची ही हकिगत आहे.

2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथे धनुर्विद्येची जागतिक स्पर्धा झाली. साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनी कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली. ती बातमी आमच्या चिरंजीवांनी वाचली आणि घरात धनुष्याचा हट्ट सुरू झाला. चौकशी केली, तेव्हा दुकानदाराने जी किंमत सांगितली ती ऐकून मीच बाणासारखा सुटून घरी आलो. मात्र बापाने मुलासमोर हात टेकायचे नसतात. मी ऐटीत म्हणालो, “विकत कशाला? उन्हाळ्याच्या सुटीत घरीच करू!”

सौ. नुसती हसली. ते हसू मी मनावर घेतले नाही.

धनुष्य करणे म्हणजे काठी वाकवून दोरी बांधणे, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच आठवड्यात गेली. धनुष्याला दोन बाजू असतात: नेम धरताना निशाणाकडे असते ती पाठ आणि आपल्याकडे असते ते पोट. दोरी ओढली, की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. लाकडातले तंतू पाठीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड गेले, तरच हा ताण सोसतो. मध्येच तिरके तुटले, की तिथूनच लाकूड उकलते. म्हणून पाठीला हत्यार शक्यतो लावायचेच नाही. जे तासायचे ते पोटाकडून.

हे मी वाचले होते, परंतु वाचणे आणि वळणे यांत फरक आहे. मी सागवानाची एक देखणी फळी आणली. तिच्यावरच्या रेषा तिरक्या धावत होत्या, त्या मला नक्षीसारख्या सुंदर वाटल्या! गॅलरीत आम्हा बापलेकांचा कारखाना सुरू झाला. करवत, रंधा, कानस; आणि लाकडाचा भुसा थेट स्वयंपाकघरापर्यंत.

या कामाचा खरा जीव शेवटच्या टप्प्यात आहे. इंग्रजीत त्याला ‘टिलरिंग’ म्हणतात. धनुष्याच्या दोन्ही भुजा सारख्या वाकाव्यात, म्हणून जिथे लाकूड ताठ असेल तिथून थोडेथोडे खरवडून काढायचे. आम्ही त्याला घरच्या भाषेत ‘वळण लावणे’ म्हणू लागलो. शब्द सहज तोंडी आला, पण पुढे तो आम्हाला पुरा भोवला.

आमच्या पहिल्या धनुष्याची डावी भुजा एका जागी जास्त वाकत होती. अशा जागेला बिजागरी म्हणावे, कारण सारा वाक तिथेच गोळा होतो. मला वाटले, इथे काहीतरी चुकले आहे; म्हणून मी तिथेच कानस चालवली. ती जागा आणखी पातळ झाली. चिरंजीव म्हणाले, “बाबा, थोडं थांबू या का?” मी कशाला थांबतो! दोरी कानापर्यंत ओढली. काडकन आवाज झाला, एक ढलपी माझ्या कानाजवळून जाऊन मसाल्याच्या बरण्यांवर आदळली, आणि हातात दोन तुकडे राहिले.

आतून सौ.चा आवाज आला, “झालं का स्वयंवर?”

मी हसायला हवे होते. त्याऐवजी मुलावर ओरडलो, “तू सारखी घाई करतोस, म्हणून हे झालं!” घाई त्याने केली नव्हती, मी केली होती. हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. तो काही बोलला नाही. हातातला काचकागद त्याने नीट घडी करून ठेवला आणि आत निघून गेला. त्यानंतर आठ दिवस तो गॅलरीकडे फिरकला नाही. जेवायला बसला की मान खाली. मी विचारले तेवढेच उत्तर.

आठव्या दिवशी मोडके तुकडे घेऊन मी आमच्या सुतारमामांकडे गेलो. त्यांनी तुकडा उजेडात धरला, तिरक्या रेषांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “साहेब, लाकूड काढता येतं, परत घालता येत नाही. आणि जी जागा आधीच दुबळी, तिलाच तुम्ही घासलंत. तिला हात लावायचा नसतो. ताठ आहे तिथलं काढायचं, मग दुबळीवरचा भार आपोआप उतरतो.”

घरी येऊन ते बोलणे मी सौ.ला सांगितले. ती पोळ्या लाटीत होती. लाटणे न थांबवता म्हणाली, “अहो, गणितात तो कच्चा आहे, म्हणून रोज रात्री गणितावरूनच बोलता ना त्याला? सुतारमामांना आपल्याकडे जेवायलाच बोलवा एकदा.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. घरातली ताठ भुजा कोणती, हे शोधायला मला टिलरिंगच्या काठीची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुतारमामांनी त्यांच्या गावच्या माळ्यावर कित्येक वर्षे पडून राहिलेली, मोडक्या बैलगाडीची दांडी आणून दिली. लाकूड धामणीचे. धामण म्हटले की आपल्याला साप आठवतो. परंतु धामण नावाचे झाडही सह्याद्रीच्या रानांत होते. त्याचे लाकूड चिवट आणि लवचिक, म्हणून गाडीच्या दांड्यांना आणि हत्यारांच्या मुठींना पूर्वापार वापरात आहे. संस्कृतात या झाडाला ‘धनुर्वृक्ष’ असेही नाव आहे. पूर्वजांनी उगाच ठेवले नसणार!

दांडी घेऊन मी मुलाच्या खोलीत गेलो. म्हणालो, “परवा घाई माझी होती. हे धनुष्य तू कर. मी धरायला बसतो.” त्याने आधी लाकडाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मग उठला.

आता कृती सांगतो. कुणा वाचकाच्या घरी असाच हट्ट सुरू झाला, तर उपयोगी पडेल. दांडी करवतीने न कापता सुतारमामांनी पाचर मारून चिरली, म्हणजे चीर तंतूंच्या ओढीनेच जाते. लांबी ठेवली 68 इंच. मधली मूठ चार इंचांची, दीड इंच जाड आणि न वाकणारी. मुठीजवळ भुजांची रुंदी पावणेदोन इंच, टोकांशी अर्धा इंच. जाडी सगळीकडे हवी त्यापेक्षा जास्तच ठेवली, कारण या कामात जाडीचा हिशेब मोठा विलक्षण आहे. रुंदी दहा टक्के कमी केली, तर ताठरपणा दहाच टक्के घटतो. जाडी दहा टक्के कमी केली, तर तो सुमारे 27 टक्के घटतो! ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, हे त्याचे कारण. चिरंजीवांनी हा हिशेब वहीत स्वतः मांडला. गणितच होते ते, पण मी अवाक्षर काढले नाही.

प्रथम टोक जमिनीवर टेकवून, मुठीवर भार देऊन, भुजा जराशी वाकते का ते पाहायचे. मग टोकांना गोल कानशीने तिरप्या खाचा पाडून सैल लांब दोरी लावायची. एका उभ्या लाकडाच्या माथ्यावर धनुष्याची मूठ बसवून दोरी खाली ओढायची आणि चार पावले मागे जाऊन कमान बघायची. हे मागे जाणे महत्त्वाचे. जवळून दोष दिसत नाहीत. ताठ जागी पेन्सिलीने खूण करायची, तिथे पंधरा-वीस हलके हात मारायचे, खूण पुसायची. मग वीस-तीस वेळा थोडेथोडे ओढून लाकडाला नव्या वाकाची सवय करू द्यायची, आणि पुन्हा पाहायचे. शेवटी शेवटी तर कानसही जड वाटते; काचेच्या तुकड्याने खरवडावे लागते.

ओढ मोजायला आम्ही रद्दीवाल्याकडचा ताणकाटा मागून आणला. नेम ठेवायचा तो एवढाच, की ठरवलेल्या वजनापलीकडे धनुष्य कधीही ओढायचे नाही, मग कमान कितीही अपुरी दिसो. दोन्ही भुजा सारख्या झाल्यावर आखूड दोरी चढवली. मूठ मिटून अंगठा उभा केला, की जेवढी उंची होते, म्हणजे सुमारे सहा इंच, तेवढे अंतर मुठीपासून दोरीपर्यंत राहिले. दोरी मेण लावलेल्या पॉलिस्टर दोऱ्याच्या बारा पदरांची. नायलॉन फार ताणते. त्यापुढे दर इंचाला काटा सुमारे सहाशे ग्रॅमने वर चढत होता. ताण आणि बळ यांचे हे सरळ नाते रॉबर्ट हुक याने 1678 साली प्रसिद्ध केले. आमच्या गॅलरीत ते रद्दीच्या काट्यावर दिसले!

ठरवले होते 14 किलो, 26 इंचांवर उतरले 12. पहिल्या धनुष्याचे असे होतेच. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ जहाज 1545 मध्ये बुडाले आणि 1982 मध्ये वर काढले गेले. त्यातून यू लाकडाची 172 धनुष्ये निघाली. दाब सोसणारा गाभा पोटाकडे आणि ताण सोसणारे बाहेरचे पांढरे लाकूड पाठीकडे, अशी ती घडवलेली आहेत. त्यांच्या ओढीपुढे आमचे 12 किलो म्हणजे खेळणेच. परंतु जवसाचे तेल पाजल्यावर त्या धामणीच्या कमानीवर जी झळाळी आली, ती पाहून सुतारमामांनीही मान डोलावली.

पहिला बाण गावच्या मळ्यात, भाताच्या पेंढ्यांच्या गंजीवर सोडला. समोर आणि मागे माणूस नाही, जनावर नाही, याची खात्री करूनच. बाण न लावता ताणलेली दोरी सोडायची नाही, हाही नियम. नाहीतर सारे बळ लाकडावरच उलटते. चिरंजीवांचा पहिला बाण गंजीवरून पलीकडे गेला, दुसरा आधीच पडला, तिसरा रुतला. त्याने वळून पाहिले ते प्रथम माझ्याकडे. त्या एका दृष्टीसाठी मी आणखी दहा सागवानी फळ्या मोडल्या असत्या.

त्याचे गणित एका उन्हाळ्यात सुधारले, असे मी सांगणार नाही. मात्र आता तो अडले की वही घेऊन माझ्याकडे येतो, आणि मी चार पावले मागे उभा राहून बघायला शिकतो आहे.

धनुष्य आमच्या दिवाणखान्यात दाराआड टांगलेले असते, दोरी उतरवून. सतत ताणून ठेवले, तर लाकूड थकते, वाकलेलेच राहते आणि त्याचा जोर जातो. कधी माझा आवाज चढला, की चिरंजीव अगदी गंभीरपणे म्हणतात, “बाबा, दोरी उतरवायची राहिली वाटतं!”

आणि मी निमूटपणे उतरवतो.